एक संगणक, गावभरची माणसं: फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिनबद्दल माझं मत

आधी निकाल सांगते. ज्या संगणकावर दिवसभर वेगवेगळी माणसं येऊन बसतात, त्यावर फायरफॉक्स हा ब्राउझर टाका आणि त्याला यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सोय, जोडा. दोन्हीला एक रुपया पडत नाही. आपल्या मागावर असणाऱ्या जाहिरात कंपन्यांपैकी बहुतेकींना ही जोडी दारातच अडवते. सगळ्यांना नाही. कुठे अडवते आणि कुठे कमी पडते, ते पुढे सांगते, कारण या विषयावर मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा "हिस्टरी पुसा, इनकॉग्निटो वापरा" एवढ्यावरच काम भागवलेलं असतं, आणि तेवढ्यानं भागत नाही.

माझं अंबाजोगाईत ऑनलाइन केंद्र आहे, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापासून चालत येण्याजोगं. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीक विमा, भरतीचे फॉर्म, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, आयुष्मान कार्ड, रिपोर्टच्या प्रिंट, सगळं चालतं. केज, धारूर, परळी, रेणापूर इकडून पेशंट घेऊन आलेली माणसं दवाखान्यात दिवस दिवस बसून असतात, मधल्या वेळेत माझ्याकडे येतात. "ताई, ह्या गोळ्या कशाच्या हायत तेवढं बघून सांगा की." मी बघून सांगते. म्हणजे एकाच मशीनवर कुणाचा आजार, कुणाचं कर्ज, कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाची पोलीस भरती असं सगळं शोधलं जातं. शोधणारा उठून जातो, मशीन तिथंच राहतं.

एका दुपारी एक तरुण बाई आली. डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली होती, दुसरा काही उपाय असतो का ते तिला बघायचं होतं. तिनं ते अगदी हळू आवाजात विचारलं. आम्ही दोघींनी मिळून शोधलं, वाचलं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरवून ती गेली. तिच्या मागोमाग त्याच खुर्चीवर तिच्याच गावचे एक गृहस्थ सोयाबीनचा भाव बघायला बसले. बातमीचं पान उघडलं तर उजव्या अंगाला, मधे आणि खाली, तिन्हीकडे गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या जाहिराती. ते म्हणाले, "ताई, म्या तर कायबी दाबलं न्हाई. ह्ये बायांचं दुखणं माझ्याम्होरं कशाला आणलंय?" आणि मग जरा थांबून, "आत्ता हितं कोण बसलं होतं वो?"

मी विषय बदलला. पण त्या प्रश्नानं मला रात्री झोप लागली नाही. आमच्या बीड जिल्ह्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन ही साधी गोष्ट राहिलेली नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गेला, चौकशी समिती बसली. अशा जागी एखाद्या बाईचं दुखणं तिच्या भावकीसमोर एका जाहिरातीनं उघडं पडावं, याला मी तांत्रिक अडचण म्हणणार नाही. तो त्या बाईवर अन्याय आहे.

आता हे होतं कसं ते बघू. त्या दिवशीचं काम बहुधा कुकीचं होतं. वेबसाइटवर जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असतो, तो आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूणचिठ्ठी ठेवतो, आणि तोच कोड दुसऱ्या वेबसाइटवरही असला की चिठ्ठी वाचून म्हणतो, हा मघाचाच माणूस. कुकी निदान पुसता येते. ब्राउझर बंद करताना आपोआप पुसली जाईल अशी सोयही असते. दुसरी गोष्ट मात्र पुसता येत नाही, आणि तिच्याबद्दल माझ्या ओळखीच्या केंद्रवाल्यांपैकी फार थोड्यांना माहिती आहे. ती म्हणजे डिव्हाइस फिंगरप्रिंटिंग.

शिवारात लांबून येणारा माणूस तोंड दिसायच्या आधी चालण्यावरून ओळखू येतो, तसंच हे आहे. तुमच्या संगणकावर काहीही ठेवलं जात नाही. वेबसाइटवरचा कोड फक्त विचारत सुटतो: स्क्रीन केवढी, विंडोज कुठलं, ब्राउझर कुठला आणि कितवा, प्रोसेसरला कोअर किती, ग्राफिक कार्ड कुठलं, भाषा कुठली, घड्याळ कुठल्या देशाचं, फाँट कुठले कुठले. मग तो ब्राउझरला न दिसणारं एक छोटं चित्र काढायला लावतो. तेच चित्र वेगवेगळ्या मशीनवर केसाच्या फरकानं वेगळं उमटतं, कारण ग्राफिक कार्ड, ड्रायव्हर आणि अक्षरं रंगवायची पद्धत वेगळी असते. याला कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग म्हणतात. हे करता येतं असं मोवेरी आणि शाकम या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं, आणि २०१४ साली प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या संशोधकांना जगातल्या पहिल्या १ लाख वेबसाइटपैकी ५ टक्क्यांहून जास्त ठिकाणी ते प्रत्यक्ष चालू असलेलं सापडलं. एकेका उत्तरातून फारसं कळत नाही. सगळी उत्तरं एकत्र केली की तसं मशीन दुसरं सापडत नाही.

अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० साली याची मोजणी केली होती. त्यांच्याकडे आलेल्या ब्राउझरपैकी ८३.६ टक्के एकमेव निघाले. हिशेब असा आला की साधारण २ लाख ८६ हजार ब्राउझरमध्ये एखादाच तुमच्यासारखा असेल. त्यांची तपासणी आजही फुकट करता येते, आता तिचं नाव कव्हर युअर ट्रॅक्स आहे. मी माझी दोन्ही मशीनं तिथं तपासली. आमच्यासारख्या केंद्रांचा घात कशानं होतो, तर फाँटनं. टायपिंगच्या कामासाठी माझ्याकडे श्रीलिपी आहे, कृतिदेव आहे, शिवाजी आहे. तहसीलचा अर्ज एका फाँटमध्ये येतो, लग्नपत्रिका दुसऱ्यात, शाळेचा पेपर तिसऱ्यात. एवढे मराठी फाँट एकत्र असलेलं मशीन जगात किती असणार? घड्याळावरून फार कळत नाही, कारण सगळ्या भारताची वेळ एकच. फाँटच्या यादीवरून मात्र माझं मशीन हजारात उठून दिसतं.

क्रोमच्या इनकॉग्निटो विंडोनं यात काही बदलत नाही. खिडकी काळी होते, हिस्टरी राहत नाही, पण मशीन तेच, फाँट तेच, स्क्रीन तीच, आणि केंद्राचं ब्रॉडबँड एकच असल्यानं आयपी पत्ताही तोच. इनकॉग्निटोबद्दलच अमेरिकेत २०२० साली गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. तरी आजही रोज कुणी ना कुणी मला सांगतं, "ताई, काळी विंडो उघडा म्हंजे कुणाला कळत न्हाई." घरातल्याला कळत नाही, एवढंच खरं.

वाईट हे की दिवस उलट्या दिशेनं चाललेत. गूगलनं २०२० साली जाहीर केलं होतं की क्रोममधून तिऱ्हाइतांच्या कुकी काढून टाकू. पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो बेत सोडला. आणि १६ फेब्रुवारी २०२५ पासून जाहिरातदारांसाठीचे नियम सैल केले, ज्यानं फिंगरप्रिंटिंगसारख्या पद्धतींना वाट मोकळी झाली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयानं या निर्णयाला उघडपणे बेजबाबदार म्हटलं. याच कंपनीनं २०१९ मध्ये फिंगरप्रिंटिंग चुकीचं आहे असं लिहिलं होतं.

म्हणून क्रोम बाजूला ठेवून फायरफॉक्स. बसवणं सोपं आहे, मराठीतही मिळतो. बसवल्यावर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडायचं आणि ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्टँडर्ड'वरून 'स्ट्रिक्ट'वर न्यायचं. त्याच पानावर खाली फायरफॉक्स बंद करताना कुकी पुसण्याची खूण आहे, ती लावायची. स्टँडर्डमध्येही बरंच मिळतं: २०२२ पासून प्रत्येक वेबसाइटच्या कुकी वेगळ्या डब्यात राहतात, एकीची दुसरीला वाचता येत नाही. पण फिंगरप्रिंटविरुद्धची खरी ताकद स्ट्रिक्टमध्ये आणि प्रायव्हेट विंडोमध्ये आहे. तिथं वेबसाइटला माझे श्रीलिपी आणि शिवाजी दिसतच नाहीत, फक्त विंडोजचे नेहमीचे फाँट दिसतात. माझ्यासारखीला ही एकच गोष्ट फायरफॉक्स घ्यायला पुरेशी आहे. कॅनव्हासच्या चित्रात बारीकशी भेसळही होते, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १४५ व्या आवृत्तीत हे संरक्षण आणखी वाढलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं, त्यामुळे एकमेव ठरणाऱ्या ब्राउझरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

एक जुनी खूण आता शोधू नका. 'डू नॉट ट्रॅक' नावाची विनंती फायरफॉक्सनं १३५ व्या आवृत्तीत काढून टाकली, कारण वेबसाइट ती मानतच नव्हत्या. विनंतीनं हे लोक थांबत नाहीत. कोडच उतरू द्यायचा नाही, हा खरा उपाय, आणि तिथं यूब्लॉक ओरिजिन लागतं.

यूब्लॉक ओरिजिन रेमंड हिल नावाच्या माणसानं बनवलंय. सगळा कोड उघडा आहे, आणि तो देणगीसुद्धा घेत नाही. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑनच्या पानावर नाव टाकून शोधायचं आणि जोडायचं. नावातलं 'ओरिजिन' बघून घ्या. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं जे आहे ते वेगळं, त्याचा या माणसाशी संबंध नाही. नेहमीच्या विंडोत जोडल्या जोडल्या काही न करता काम सुरू होतं, प्रायव्हेट विंडोसाठी मात्र तशी परवानगी द्यावी लागते. त्याच्याजवळ माग काढणाऱ्या पत्त्यांच्या याद्या असतात आणि त्या पत्त्यांवरून येणारा कोड तो ब्राउझरमध्ये येऊच देत नाही. कोडच आला नाही तर प्रश्न विचारणार कोण? फिंगरप्रिंट लपवण्याच्या सगळ्या खटपटींपेक्षा मला हे जास्त पटतं. लपवाछपवीत तुम्ही कुठेतरी चुकता. न आलेल्या माणसापासून लपावं लागत नाही.

कोपऱ्यातल्या लाल ढालीवर अडवलेल्यांचा आकडा दिसतो. मराठी बातम्यांचं एखादं पान उघडा आणि तो आकडा बघा. एका सोयाबीनच्या भावासाठी इतके लोक डोकावत होते, हे बघून गिऱ्हाईकसुद्धा गप्प होतं. मी मुद्दाम दाखवते. समजावून सांगायला त्या ढालीइतकं चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही.

केंद्रासाठी याहून मोठा फायदा तर वेगळाच आहे. शोधताना वर येणाऱ्या जाहिराती जातात. कुठल्याही सरकारी योजनेचं नाव टाकलं की खऱ्या वेबसाइटच्या वर पैसे भरून आलेल्या वेबसाइट बसलेल्या असतात, काही हुबेहूब सरकारी रंगाच्या. ई-केवायसीच्या गर्दीत बाया मोबाइलवरून अशाच कुठल्यातरी पानावर आधार क्रमांक टाकून आलेल्या असायच्या, मग माझ्याकडे येऊन रडायच्या. निकालाच्या दिवशीही तेच. दहावीचा निकाल उघडायला जावं तर हिरव्या रंगाची चार 'डाउनलोड' बटणं, त्यातलं खरं एक. यूब्लॉक ओरिजिननं ती खोटी बटणं जातात, खरं तेवढं उरतं. पान उतरायलाही कमी वेळ लागतो, ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर हा फरक सरळ दिसतो.

आता जिथं अडलं ते. स्ट्रिक्टमध्ये काही पानं अर्धवट उघडतात. बहुतेक वेळा पैसे भरायच्या पानावर किंवा कॅप्चाच्या चौकटीत. पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर टिचकी मारून त्या एका वेबसाइटपुरतं संरक्षण बंद करता येतं, ते केलं की काम होतं. एक-दोन सरकारी पोर्टल अशी आहेत की त्यांना क्रोमच लागतो, त्यांच्यासाठी क्रोम ठेवलाय, पण त्यावर शोधाशोध करायची नाही असा नियम आहे. मदतीला असणारा मुलगा सुरुवातीला कुरकुर करायचा, आता तोच नवीन माणसाला सांगतो.

केंद्रवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. यूब्लॉक ओरिजिनच्या सेटिंग्जमध्ये याद्यांच्या पानावर प्रायव्हसीखाली एक यादी आहे, बाहेरच्या वेबसाइटला तुमच्या मशीनच्या आतल्या पत्त्यांवर डोकावू न देणारी. आधीपासून ती बंद असते. घरच्या संगणकावर लावायला चांगली आहे. केंद्रात लावू नका. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे यंत्र आणि पोर्टल यांना जोडणारा प्रोग्राम, तुमच्याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर ऐकत बसलेली असते आणि पोर्टलचं पान तिथंच तिला हाक मारतं. यादी लावली की हाक पोचत नाही, आणि यंत्र जोडलेलं असूनही 'डिव्हाइस नॉट फाउंड' येतं. डिजिटल सहीच्या डोंगलचंही काही ठिकाणी असंच होतं.

काही जण सांगतात, फायरफॉक्सच्या आतल्या पानावर जाऊन 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' चालू करा. ती टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरकडून आलेली सोय आहे आणि फार कडक आहे. सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचं, हा तिचा विचार, आणि विचार म्हणून तो मला आवडतो. पण आमच्या कामात ती चालत नाही. ती घड्याळ जागतिक वेळेवर नेते, म्हणजे इथं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असताना पानाला दुपारचे बारा दिसतात. डॉक्टरांची वेळ घ्यायच्या पानावर तास चुकले तर पेशंटचा एक खेटा वाया जातो. दुसरं, फोटो. बँकेच्या भरतीला फोटो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची लागते. तो लहान करून देणाऱ्या बऱ्याचशा वेबसाइट ब्राउझरच्या आतच, कॅनव्हासवर, काम करतात. ही सोय चालू असताना एका पोराचा फोटो लहान करून उतरवला तर चेहऱ्याच्या जागी नुसते रंगीत ठिपके आणि पट्टे. त्या वेबसाइटला परवानगी दिली की फोटो नीट येतो, पण गर्दीत हे कोण करत बसणार? स्ट्रिक्टमधली भेसळ इतकी बारीक असते की फोटोत दिसत नाही. केंद्राला तेवढी पुरे.

'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' आणखी एक विचारते: वेबसाइटना इंग्रजी पानं मागू का, म्हणजे तुम्ही गर्दीत मिसळाल. मी नाही म्हटलं. माझ्या ब्राउझरची भाषा मराठी आहे म्हणून मी चार लोकांत वेगळी दिसत असेन, तर दिसू दे. ज्या बाया माझ्याकडे येतात त्यांना पान मराठीत मिळालं पाहिजे.

ब्रेव्ह या ब्राउझरबद्दल बरेच जण विचारतात. तोही मी वापरून पाहिला आणि मनापासून सांगते, चांगला आहे. ज्या माणसाला सेटिंग्जमध्ये हात घालायचा नाही, त्यानं ब्रेव्ह घ्यावा. जाहिराती आणि माग काढणारे पहिल्या क्षणापासून अडवले जातात, आणि फिंगरप्रिंटच्या बाबतीत त्याची तऱ्हा वेगळी आहे. सगळ्यांसारखं दिसण्याऐवजी तो दर वेळी वेगळा दिसतो. प्रत्येक वेबसाइटला थोडी बदललेली उत्तरं देतो आणि ब्राउझर पुन्हा उघडला की ती पुन्हा बदलतात. कव्हर युअर ट्रॅक्सवर त्याचा निकाल फायरफॉक्सपेक्षा सरस येतो, हे मान्य करायला हवं. शिवाय आतून तो क्रोमसारखाच, म्हणून सरकारी पोर्टल कमी अडतात. केंद्रात मात्र मी तो ठेवला नाही. उघडल्यावर समोर प्रायोजित चित्र, बाजूला क्रिप्टोचं पाकीट आणि बक्षिसाची बटणं. सगळं बंद करता येतं. पण नव्यानं माउस धरणाऱ्या माणसासमोर क्रिप्टोचं बटण असावं, हे मला पटत नाही. २०२० साली हा ब्राउझर काही क्रिप्टो वेबसाइटचे पत्ते टाइप करताना स्वतःच्या कमिशनचा कोड जोडत होता. ओरड झाल्यावर ते बंद केलं आणि संस्थापकांनी माफी मागितली. माझ्या मनातून ते पूर्ण गेलेलं नाही.

मोझिलावरही डोळे झाकून विश्वास टाकू नका. २०२४ मध्ये त्यांनी १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक सोय न विचारता चालू ठेवली होती, त्यावर युरोपात तक्रार झाली. पुढच्या वर्षी वापराच्या अटींमधल्या भाषेवरून गदारोळ झाला आणि त्यांना ती बदलावी लागली. त्यांचा बहुतेक पैसा गूगलला शोधाचं पहिलं स्थान दिल्याबद्दल येतो. तरीही मी तिथंच आहे, कारण यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीनं चालवणारा मोठा ब्राउझर आता जवळजवळ तोच उरलाय. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलून २०२५ मध्ये ते बंद पाडलं. तिथं 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' मिळतं, काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ते आणि हे एक नव्हे.

व्हीपीएनच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. केंद्रासाठी त्यावर पैसे घालू नका. व्हीपीएननं आयपी पत्ता बदलतो, फाँट, स्क्रीन आणि कॅनव्हास तसेच राहतात. शिवाय आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांची नावं-पत्ते ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलंय, त्यामुळे काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले.

फोनचं वेगळं. माझा भाचा लातूरला नीटची तयारी करतोय. अठरा पूर्ण नाहीत अजून. फोन उघडला की क्लास, हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज आणि मार्क कमी पडले तर परदेशात एमबीबीएस, यांचाच मारा. पोरगं आधीच ताणात, त्यात हे. त्याच्या अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स टाकून यूब्लॉक ओरिजिन जोडून दिलं, मोबाइलवरही ते तसंच चालतं. २-३ जीबी रॅमच्या फोनवर जरा जड वाटतं, तिथं ब्रेव्ह हलका पडतो. पण ब्राउझर फक्त ब्राउझरपुरतं बघतो, अ‍ॅपमधल्या पाळतीला तो काय करणार? त्यासाठी सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, आणि तिथं 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' दाबायचं. अ‍ॅप ज्या एका क्रमांकावरून तुम्हाला ओळखतात तो क्रमांक त्यानं जातो. दुसरं, अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' असतं (वेबसाइटचे पत्ते कुणाकडून शोधून घ्यायचे ते ठरवणारी सोय), त्यात जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडगार्डचा फुकट पत्ता टाकला की अ‍ॅपमधल्या बऱ्याच जाहिरातीही येईनाशा होतात. मात्र मग तुम्ही कुठल्या कुठल्या पत्त्यांवर जाता ते अ‍ॅडगार्डला दिसू शकतं, हे समजून मग करा.

कायदा खरं तर या पोराच्या बाजूनं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या ९ व्या कलमात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं होतं. इतकी वर्षं मध्ये गेली. तोवर आपलं दार आपणच लावायचं आहे.

आणि एक दार असं आहे की ते कुठलाच ब्राउझर लावू शकत नाही: मोबाइल नंबर. पेरणीच्या तोंडावर माणसं 'ताबडतोब कर्ज' शोधत येतात. एखाद्या पानावर नाव आणि नंबर टाकून 'पात्रता तपासा' दाबलं की तासाभरात फोन सुरू होतात, वेगवेगळ्या नंबरवरून, वेगवेगळ्या आवाजात, आठवडे चालतात. तिथं फिंगरप्रिंटची गरजच उरत नाही. आपण आपल्या हातानं अशी खूण दिलेली असते जी फोन बदलला, ब्राउझर बदलला, गाव बदललं तरी बदलत नाही. यूब्लॉक ओरिजिन तिथं काही करू शकत नाही, आणि त्याचा तो दोषही नाही.

म्हणून माझ्या केंद्रात आता असं चालतं. प्रत्येक नव्या माणसासाठी नवी प्रायव्हेट विंडो, काम झालं की त्याच्यासमोर ती बंद. जे पान सरकारचं, बँकेचं किंवा दवाखान्याचं नाही, त्यावर मी कुणाचा नंबर टाकत नाही, कुणी कितीही घाई केली तरी. कर्ज हवं असेल तर त्या माणसाला त्याच्या बँकेच्या शाखेत पाठवते. ज्यांचे फोन आधीच सुरू झालेत त्यांना १९०९ वर डीएनडी लावून देते. त्यानं नोंदणीकृत कंपन्यांचे फोन कमी होतात, साध्या दहा आकडी नंबरवरून करणारे राहतात, त्यांची तक्रार त्याच १९०९ वर फोन आल्याच्या तारखेसह करावी लागते. ती करून द्यायचे मी पैसे घेत नाही.